रोद्रिगो, रुई आणि रॉड्रिग्ज : नावाची घडण, ते धारण करणारी माणसे आणि गोव्यातील जुन्या नोंदी

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी गोव्यात रुळलेल्या मध्ययुगीन जर्मानिक नावांवर टिपणे लिहायची आहेत. आफोंसो, फेर्नांदो, एन्रिक, आल्वारो ही नावे आपण सरसकट पोर्तुगीज म्हणतो. पण ती रोमनांची नव्हेत, व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांबरोबर इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात आली, इथवर वाचून झाले आहे. सुरुवात रोद्रिगोपासून करायची आहे, कारण त्यापासून झालेले रॉड्रिग्ज हे आडनाव बार्देशात, तिसवाडीत, सासष्टीत सगळीकडे भेटते.

अडचणी अशा. नावाचे दोन तुकडे कोणते आणि त्यांचा अर्थ काय? वाचनालयातील काही जण हे नाव ‘रुद्र’पासून आल्याचे सांगतात, त्याला उत्तर काय द्यावे? दुसरे, हाताशी असलेल्या यादीत स्पेनचा एल सिद, रशियाचा रुरिक, वेल्सचा ऱ्होद्री, आयर्लंडचा रोडरिक ओकॉनर आणि भूगर्भशास्त्रज्ञ रोडरिक मर्चिसन हे सगळे एकाच नावाखाली दिले आहेत. ते बरोबर आहे का? तिसरे, रॉड्रिग्ज आडनाव असले म्हणजे पूर्वज पोर्तुगीज, असे समजायचे का? आणि जुन्या गोव्यातील थडग्यांच्या शिळांवर आर-ओ-आय-झेड अशी अक्षरे दिसतात, ती रॉड्रिग्ज वाचायची की रुईझ?

शब्दमूळ

रुद्राचे आधी पाहू. सातव्या-आठव्या शतकात इबेरियातील लॅटिन लिखाणात हे नाव ‘रुदेरिकुस’ असे येते. त्यात ‘द’नंतर स्वर आहे आणि शेवटी ‘रिक’ आहे. ‘रुद्र’ धरला तर त्या ‘रिक’चा हिशेब लागत नाही आणि मधला ‘ए’ कुठून आला तेही सांगता येत नाही. नावाचे आजचे रूप घेऊन साम्य शोधले की असे होते. सर्वांत जुने लेखी रूप घ्यायचे आणि तिथून पुढे यायचे.

तुकडे दोन. पहिला ‘ह्रोथ्’, म्हणजे कीर्ती. दुसरा ‘रीक्’, म्हणजे सत्ताधीश. लॅटिन लिहिणाऱ्यांनी आरंभीचा ‘ह’ गाळला आणि लॅटिन प्रत्यय लावून रुदेरिकुस, रोदेरिकुस केले. पुढे लोकांच्या बोलण्यात आघात नसलेला मधला ‘ए’ पडला आणि दोन स्वरांमधला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला. लॅटिन ‘आमिकुस’चे ‘आमिगो’ आणि ‘लाकुस’चे ‘लागो’ झाले त्याच नियमाने. म्हणून रोद्रिगोत ‘ग’ आहे. फ्रेदेरिको, एउरिको यांत ‘क’ टिकला, कारण ती रूपे ग्रंथांतून परत आली. तोंडी घासली गेली नाहीत. रुई हे रोद्रिगोचेच आणखी घासलेले रूप. स्पॅनिशमध्ये त्याचे लेखन रुय असे होते.

भारतीय वाचकांसाठी यात एक विशेष गोष्ट आहे. ‘रीक्’ हा संस्कृत ‘राजन्’ आणि लॅटिन ‘रेक्स’ यांच्या धातुकुळातला. मात्र जर्मानिक भाषांनी तो थेट वारशाने मिळवलेला नाही, केल्टिक शेजाऱ्यांकडून उचललेला आहे. पुरावा स्वराचा आहे. मूळ दीर्घ ‘ए’ जर्मानिकमध्ये ‘ई’ होत नाही, केल्टिकमध्ये होतो. गॉलचा सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स याच्या नावाच्या शेवटी तोच ‘रिक्स’ आहे. ‘ह्रोथ्’चा संबंधही भाषाशास्त्रज्ञ स्तुती करणे या अर्थाच्या धातूशी लावतात आणि संस्कृत ‘कीर्ति’ व ‘कारु’ (स्तोता) त्याच गटात ठेवतात. म्हणजे तुकड्याला तुकडा लावला तर ‘कीर्तिराज’.

पण टिपणात ‘रोद्रिगो म्हणजे कीर्तिमान राजा’ असे ठाम वाक्य लिहू नका. जर्मानिक नावे दोन पदांची असत, आणि एक पद वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावातले, दुसरे आईकडचे, अशी जुळणी चाले. जोडून वाक्य व्हावे असा हेतू नसे. काही नावांत तर दोन पदांचा मेळच लागत नाही. पदांचे अर्थ सांगावेत आणि थांबावे. पहिले पद रॉबर्ट, रॉजर, रुडॉल्फ, रोलँड यांतही आहे. दुसरे पद आलारिक, थिओडोरिक, एन्रिक यांत आहे, आणि रिचर्डमध्ये तेच पुढे आले आहे. आमेरिगोच्या शेवटीही तेच पद आहे, ‘क’चा ‘ग’ही तसाच, आमेरिगो व्हेस्पुचीवरून खंडाला नाव पडले तेव्हा ते अमेरिकेच्या नकाशावर गेले.

तोलेदोची पाने

व्यक्तींची यादी करताना दोघांवर जागा खर्च करावी, बाकीच्यांना एकेक ओळ पुरे.

पहिला रोदेरिक, तोलेदोचा व्हिसिगॉथ राजा, ७१० ते ७११. विटिझानंतर सरदारांच्या पाठिंब्याने गादीवर आला. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद सामुद्रधुनी ओलांडून उतरला आणि ग्वादालेतेच्या लढाईत रोदेरिकचे राज्य संपले. अरबी इतिहासकार त्याला लुधरीक लिहितात. अरबी ग्रंथाचा अनुवाद वाचताना हे रूप ओळखता आले पाहिजे. त्याची नाणी तोलेदोची आहेत, आणि एजितानियाचीही मानली जातात. एजितानिया म्हणजे आजच्या पोर्तुगालमधले इदान्या-आ-वेल्या. नवव्या शतकाच्या अखेरच्या आस्तुरियाच्या बखरीत म्हटले आहे की पोर्तुगालमधील व्हिझेउ येथे त्याच्या नावाची थडग्याची शिळा सापडली. पोर्तुगीज परंपरेला हा राजा जवळचा वाटतो त्यामागे ही दोन स्थळे आहेत.

इथे दोन चुका नेहमी होतात. ‘शेवटचा व्हिसिगॉथ राजा’ हे बिरुद सैल आहे. त्याच काळात ईशान्येकडे दुसरा आगिला राज्य करत होता आणि नार्बोन, तारागोना, सारागोसा या बाजूला त्याची नाणी पाडली जात होती. म्हणून ‘तोलेदोचा शेवटचा राजा’ लिहावे. दुसरी चूक काउंट हुलियानच्या मुलीच्या कथेची. रोदेरिकने तिची अब्रू घेतली म्हणून हुलियानने शत्रूला वाट दाखवली, ही गोष्ट सगळीकडे इतिहास म्हणून छापली जाते. सर्वांत जवळचा ग्रंथ ७५४ सालची लॅटिन बखर; तिच्यात ती नाही. ती नवव्या शतकातील अरबी लिखाणात दिसते आणि नंतर कॅस्टिलियन कवींनी फुलवली. आख्यायिका म्हणून जरूर द्या, कारण म्हणून नको.

दुसरा रोद्रिगो दिआझ दे व्हिव्हार, म्हणजे एल सिद. बुर्गोसजवळचा. १०८१ मध्ये सहाव्या आल्फोन्सोने त्याला हद्दपार केले. मग तो सारागोसाच्या मुसलमान राजाच्या चाकरीत लढला. ‘सिद’ हे बिरुदच अरबी ‘सय्यिद’चे. धर्मयुद्धाचा वीर म्हणून त्याचे जे चित्र रंगवतात त्यात हा चाकरीचा भाग गाळला जातो. तो गाळला तर अकराव्या शतकातील स्पेन समजत नाही. जून १०९४ मध्ये त्याने व्हॅलेन्सिया घेतले, जुलै १०९९ मध्ये तिथेच वारला. पत्नी हिमेना हिने ते शहर ११०२ पर्यंत राखले. १०९८ च्या एका दानपत्रावर ‘एगो रुदेरिको’, म्हणजे ‘मी रुदेरिको’, अशी लॅटिन सही आहे. त्याच्या काळात लिहिताना नावाचे जुने रूप जिवंत होते याचा हा हातचा पुरावा. टिपणात तो घ्याच.

साल काढताना सांभाळा. मध्ययुगीन इबेरियात स्पॅनिश शक चाले. तो इसवी सनापेक्षा ३८ वर्षांनी पुढे आहे. कागदावर ‘एरा ११३७’ असेल तर ३८ वजा करून १०९९. कॅस्टिलमध्ये हा शक १३८३ मध्ये बंद झाला, पोर्तुगालमध्ये १४२२ मध्ये. वजाबाकी विसरली की माणूस मेल्यावर ३८ वर्षांनी सही करतो. शिवाय जुन्या व्हिसिगॉथ लिपीत एक्स या रोमन अंकाला शेपटी असली तर तो १० नसून ४० असतो. जुन्या छापील उताऱ्यांत ही शेपटी निसटते आणि साल ३० वर्षांनी मागे जाते.

बाकीचे थोडक्यात. कॅस्टिलचा पहिला काउंट रोद्रिगो, ज्याने ८६० मध्ये आमाया वसवले. तोलेदोचा आर्चबिशप आणि इतिहासकार रोद्रिगो हिमेनेझ दे रादा, जो १२१२ मध्ये नाव्हास दे तोलोसाच्या रणात हजर होता. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी पिंता जहाजावरून जमीन दिसल्याची आरोळी देणारा रोद्रिगो दे त्रियाना. आणि रोद्रिगो बोर्जा, १४९२ ते १५०३ पोप सहावा अलेक्झांडर. गोव्याच्या वाचकासाठी याच्यावर दोन ओळी जास्त द्याव्यात. त्याच्या १४९३ च्या फर्मानाने पश्चिमेकडचा नवा मुलूख स्पेनला बहाल केला, त्यावर पोर्तुगालने हरकत घेतली, आणि १४९४ च्या तोर्देसिल्यास तहात केप व्हर्देच्या पश्चिमेला ३७० लीगांवर रेघ ठरली. पूर्वेचा सागर पोर्तुगालच्या वाट्याला आला तो या घडामोडीतून.

रुय रूपाखाली एक नाव बुद्धिबळवाल्यांना माहीत असते, साफ्रा गावचा पाद्री रुय लोपेझ. त्याचा ग्रंथ १५६१ चा. राजासमोरचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट, ही सुरुवात त्याच्या नावाने चालते.

आणि एक लक्षात ठेवण्यासारखे. ७११ नंतर लिओन, कॅस्टिल किंवा पोर्तुगालच्या गादीवर रोद्रिगो नावाचा एकही राजा बसला नाही. आफोंसो, फेर्नांदो, सांशो ही नावे पुन्हा पुन्हा येतात, हे येत नाही. सरदार आणि सामान्य घरांत मात्र ते भरपूर चालले.

उत्तरवारा

रुरिकबद्दल. तो यादीत राहू दे. जुन्या नॉर्समध्ये ‘ह्रोरेकर’, तेच दोन तुकडे. रशियन बखरीप्रमाणे ८६२ मध्ये तो नोव्हगोरोदला आला, आणि त्याच्या नावाचा राजवंश मॉस्कोत १५९८ पर्यंत टिकला. नवव्या शतकात फ्रिसियात डोरेस्टाडचा रोरिक नावाचा डॅनिश सरदार होता. नाव तेच, पण दोघे एकच होते हा केवळ तर्क आहे, तो खरा धरून लिहू नये.

ऱ्होद्री आणि ओकॉनर मात्र काढा. ऱ्होद्री हे वेल्श भाषेचे स्वतःचे नाव. ओकॉनर हा मुळात रुआइद्री उआ कोंखोबाइर, मृत्यू ११९८. रुआइद्री म्हणजे ‘तांबडा राजा’, आयरिश नाव. इंग्रजीत लिहिताना कारकुनांनी आणि इतिहासकारांनी जवळ वाटणारे रोडरिक बसवले. स्कॉटलंडमधले रोडरिकही बहुधा मूळचे रुआरी. मर्चिसन त्यांतलाच स्कॉट, हायलँड्सचा. त्याला घ्यायचेच तर ‘रोडरिक हे लेखन’ असा वेगळा परिच्छेद करून घ्या. शोधण्याची रीत सोपी : त्या माणसाने स्वतःच्या भाषेत नाव कसे लिहिले ते पाहायचे. इंग्रजी चरित्रकोशातले रूप शेवटी पाहायचे.

रुआइद्रीतला शेवटचा ‘री’ केल्टिक राजवाचक शब्द आहे, म्हणजे वर शब्दमूळ यांनी सांगितलेला ‘रीक्’ ज्या केल्टिक शब्दावरून उचलला त्याच कुळातला. तेवढेच नाते.

डिचोलीकर

देव बरें करूं. यादी आता सुटसुटीत झाली. आडनाव आणि शिळा यांबद्दल कोणी सांगेल का?

जुने_कागद

आडनावाची घडण एल सिदच्या घरातच दिसते, दुसरे उदाहरण नको. वडील दिएगो लाइनेझ, म्हणजे लाइनचा मुलगा दिएगो. एल सिद स्वतः रोद्रिगो दिआझ, दिएगोचा मुलगा रोद्रिगो. त्यांचा मुलगा, जो १०९७ मध्ये कोन्सुएग्राच्या लढाईत पडला, तो दिएगो रोद्रिगेझ. तीन पिढ्यांत तीन वेगवेगळी ‘आडनावे’. आपण मधे वडिलांचे नाव लिहितो तसेच ते होते, फरक एवढाच की नावाला प्रत्यय लागे. स्पॅनिशमध्ये ‘एझ’, पोर्तुगीजमध्ये ‘एस’; फेर्नांदोचे फेर्नांदिस, आल्वारोचे आल्वारिस, एन्रिकचे एन्रिकिस. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही रूपे पिढीगणिक बदलायची थांबली आणि कुळाला चिकटली. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले तेव्हा रॉड्रिग्ज असलेल्या शिपायाच्या बापाचे नाव रोद्रिगो असण्याची गरज उरली नव्हती.

म्हणून पूर्वजांबद्दलचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव आणि आडनाव मिळे. ते पाद्रीनचे (धर्मपित्याचे) असे, विधी करणाऱ्या पाद्रीचे असे, कधी हजर असलेल्या अधिकाऱ्याचे. एका घरातले दोघे वेगवेगळ्या पाद्रीनच्या हातून गेले तर आडनावे वेगळी होऊ शकत. उलट, एकाच गावातल्या दोन रॉड्रिग्ज घरांचा रक्तसंबंध असेलच असे नाही. वंश शोधायचा तर आडनाव धरून चालू नका, गावकरीतला (गावच्या जमीनधारक संस्थेतला) वांगड, म्हणजे कुळांचा गट, धरा. धर्म बदलला, आडनाव बदलले, तरी कोमुनिदादीत (गावकरीचे पोर्तुगीज नाव) गावकारांचा वांगड तोच राहिला. सासष्टीचा १५६७ चा फोराल (जमीन-महसुलाची नोंद) आणि त्या काळातील देवळांच्या जमिनींच्या याद्या इथेच उपयोगी पडतात. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासूनचे आहे, दियोगो द कोउतो त्याचा पहिला रखवालदार; कोमुनिदादींचे बरेच कागद तिथे पाहता येतात.

चर्चची नोंदपुस्तके वाचताना घात होतो तो असा. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी सक्तीच्या केल्या, त्यामुळे त्याआधीचे सलग पुस्तक मिळेल अशी आशा धरू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे फक्त पाळण्यातले नाव येते : ‘रोद्रिगो, अमक्या-तमक्याचा औरस पुत्र’. आडनाव बापाच्या नावापुढे असते. सूची करणारा घाईत पाद्रीनचे आडनाव मुलाला लावून टाकतो, कारण तेही त्याच ओळींच्या आसपास असते. नोंद शेवटपर्यंत वाचायची, ‘पाद्रिन्युश’ (धर्मपालक) हा शब्द कुठे येतो ते आधी शोधायचे, आणि त्याच्या नंतरची नावे वेगळ्या रकान्यात उतरवायची. आईचे आडनाव वेगळे दिसले म्हणून नोंद चुकीची समजू नये.

आता आर-ओ-आय-झेड. ते रॉड्रिग्ज. आय या अक्षरावर आडवी नागमोडी रेघ असते, ती गाळलेल्या अक्षरांची खूण. कागद फाटला असेल, शिळा झिजली असेल तर रेघ दिसत नाही आणि वाचणारा रुईझ किंवा रोइश असे नवेच आडनाव तयार करतो. रुईझ हे स्पॅनिश आडनाव आहे, रुयचा मुलगा या अर्थाचे. गोव्याच्या पोर्तुगीज कागदात ते आधी गृहीत धरू नका. याच जातीची इतर संक्षिप्त रूपे : एफ-आर-झेड म्हणजे फेर्नांदिस, जी-एल-झेड म्हणजे गोन्साल्विस, ए-एल-झेड म्हणजे आल्वारिस, एम-आय-झेड म्हणजे मार्तिन्स. शेवटचे सगळ्यांना फसवते, कारण मार्तिन्समध्ये झेड नाहीच. जुन्या लेखनात शेवटी झेड यायचा, तो संक्षेपात गोठून राहिला.

शिळेवर यू ऐवजी व्ही कोरलेला असतो आणि जागा वाचवण्यासाठी एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात बसवलेले असते, डी च्या आत ई किंवा ए. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची जमीन अशा शिळांनीच भरलेली आहे. बहुतेकांवर ठरीव मजकूर सापडतो : ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’. हे वाक्य पाठ असले की नाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळते. फोटो काढताना दिवा समोरून मारू नये. शिळेला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकावा, एकदा डावीकडून, एकदा वरून. नागमोडी रेघ उथळ असते, ती तिरप्या उजेडातच सावली धरते. खडू किंवा पीठ चोळून अक्षरे उठवायचा प्रकार कोणीही करू नये, दगडाची हानी होते आणि संरक्षित वास्तूत त्याला मनाईच आहे.

तुमच्या टिपणाला गोव्याचाच एक रोद्रिगो हवा असेल तर रोद्रिगो रेबेलो घ्या. आल्बुकेर्क १५११ मध्ये मलाक्क्याला निघाला तेव्हा गोव्याचा कप्तान म्हणून त्याला मागे ठेवले होते. आदिलशाही फौजेशी लढताना तो त्याच वर्षी मारला गेला. आडनावाचे लोक वेगळ्या यादीत घ्या, नावाच्या यादीत मिसळू नका : फ्रान्सिस झेवियरचा सोबती आणि पोर्तुगालचा पहिला जेझुइट प्रांताधिकारी सिमाव रॉड्रिग्ज, किंवा १५१२ च्या सुमारास मोलुक्काच्या वाटेचे नकाशे काढणारा फ्रान्सिस्को रॉड्रिग्ज.

म्हापशेकर

लेखनाबद्दल एवढेच. व्यक्तीच्या भाषेप्रमाणे लिहा : गॉथ राजा रोदेरिक, स्पॅनिश आणि पोर्तुगीज माणूस रोद्रिगो, आडनाव स्पॅनिश असेल तर रोद्रिगेझ. लिस्बनच्या उच्चारात ‘रुद्रीगश’च्या जवळचे काही ऐकू येते, पण गोव्यातल्या माणसाचे आडनाव तो स्वतः सांगतो तसे, म्हणजे बहुधा रॉड्रिग्ज. मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत शोधताना रॉड्रिग्ज, रॉड्रिग्स, रॉड्रिक्स, रोद्रिगीस, रोड्रिग्ज अशी पाचही रूपे टाकून पाहा. त्यांतले रॉड्रिक्स बहुधा शेवटी सी-के-एस लावून लिहिलेल्या वेगळ्या इंग्रजी लेखनावरून येते. एकाच घरातले काही जण जी-यू-ई-एस लावतात, काही सी-के-एस, त्यामुळे ते वेगळे कूळ समजून सूचीत दुसरीकडे टाकू नका.